चपला मागच्या दाराला

गोटीरामाला हे सांगायची अजिबात हौस नव्हती. किती वेळा सांगून झालं, दर वेळी ऐकणारा हसून उठला. पण नात मनाली चहा पुढं ठेवून बसली ती उठेचना. शेवटी म्हातारा खेकसला, "हसलीस तर कप फेकीन."

तर पेठ रोडला दुसऱ्या मजल्यावर एक हॉल. गोटीराम तिथला वॉचमन. त्या दुपारी आरोही नावाच्या पोरीचा साखरपुडा होता, माणसं साठ-सत्तर. पुढच्या जिन्यानं यायचं, वरच्या पायरीपाशी चपला काढायच्या, अनवाणी आत. मागं एक लोखंडी दार, त्याच्यावर पळत्या माणसाची हिरवी पाटी. मॅनेजर प्रफुल्लनं त्या पाटीवर गुलाबी पडदा सोडला. फोटोत हिरवं दिसतं म्हणे. वर कुलूप हातात दिलं.

"मामा, मागून फुकटे जेवायला घुसतात. लावा."

"आणि आग लागली तर? माणसांनी काय भिंतीतून जायचं?"

"सांगितलं तेवढं करा, मामा."

गोटीरामानं कुलूप घेतलं आणि खिशात टाकलं. दार नुसतं लोटून ठेवलं.

पाहुणे यायचे होते. पडदे ओढलेले, एसी चालू, अंधारात शेवंतीचा वास. आणि लोखंडी दाराआडून आवाज आला. टप. टप. चपला मांडल्यासारखा. साळूबाई मांडायची तसा. साळूबाई इथं झाडलोट करायची. पाहुण्यांची एकेक जोडी उचलून, जाताना पाय सरळ आत जावा अशी वळवून ठेवायची. तापानं गेली, त्याला वर्ष उलटलं होतं.

त्यानं दार उघडलं. जिना रिकामा.

"गप ग," तो म्हणाला. "आज काम हाय."

तीन वाजता अंगठ्या झाल्या आणि पुढच्या जिन्याखालचा मीटर तडतडला. लाईट गेली. जळक्या वायरीचा वास वर चढला, मागोमाग धूर. लोक उठले ते सगळे पुढच्या जिन्याकडंच. आलो तिकडून जायचं, आणि चपला तिथंच. एक बाई धुरात वाकून चाचपडत होती. "अहो, माझी नवी कोल्हापुरी..." मागचे तिच्यावर पडत होते.

"मागं फिरा! मागं दार हाय!"

कुणी मान वळवली नाही. त्यानं पडदा ओरबाडून पाडला. हिरवी पाटी अंधारात लख्ख पेटली, पण बघायला तिच्याकडं तोंड कुणाचं होतं?

तेवढ्यात पुन्हा... टप. टप. टप.

त्यानं दार ढकललं. प्रत्येक पायरीवर चपला. जोडीजोडीनं, तोंड बाहेर, खालपर्यंत. सगळ्यात वर त्याची स्वतःची, टाचेत जाड खिळा ठोकलेली, सकाळी पुढच्या जिन्यापाशी काढलेली. पण तेव्हा भ्यायला सवड कुणाला होती? छाती फुटेस्तोवर तो ओरडला, "ए! तुमच्या चपला मागच्या दाराला हायत!"

आणि गर्दी वळली. जिवासाठी वळली नव्हती, चपलांसाठी वळली.

झाडून सगळे उतरले, गोटीराम आपल्या चपलांत पाय सरकवून शेवटी. खाली उन्हात बघतो तर सगळे अनवाणी.

"मी घातल्या होत्या," आरोही पायांकडं बघत गोटीरामाला म्हणाली. "आजोबा, पट्टा लागत होता मला..."

बंबवाल्यांनी पुढच्या जिन्यावरून चपलांचा वितळलेला गोळा फावड्यानं काढला. त्यात एका टाचेतला जाड खिळा चमकत होता. गोटीरामानं खाली पाहिलं. त्याच्या पायात त्याच्या चपला होत्या.

प्रफुल्ल सगळ्यांसमोर बोंबलला, "म्हातारा पिऊन आलाय! ह्यानंच चपलांचा घोळ घालून माणसं घाबरवली!"

"माणसं उभी हायत नव्हं? मोज!"

दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं.

मनाली हसली नव्हती. उठून तिनं उंबऱ्यापाशी पडलेल्या त्याच्या चपलेला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"आजोबा... ही गरम हाय."

"दोन वर्षं गरमच हाय. पावसात घाल, थंडीत घाल." त्यानं चहाचा घोट घेतला. "राहू दे. साळूबाईनं तिचं काम केलं, मी माझं. तिची मला भीती नाय. माफी मागायचा राहिलाय तो एकटा प्रफुल्ल."