दातांमधली फट

चार महिने ईशालीने तोंड उघडलं, की तिच्या डाव्या कानापाशी 'कट्' असं वाजायचं. एका सोमवारी ते वाजायचं थांबलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. नाश्त्याला बसल्यावर कळलं, की तोंड उघडायचंही थांबलंय. जेमतेम दीड बोट मावेल एवढी फट, त्यापुढे काही नाही. आवाज गेला त्याच दिवशी जबडा कसा अडकला, हे कोडं कुणालाच सुटेना.

वसाहतीच्या दवाखान्यातल्या यंत्रमानवाला कोडी पडत नसत. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, की सांधा निकामी आहे; शुक्रवारी तो काढून धातूची बिजागरी बसवू. ईशाली अकरा वर्षांची होती. बाबांनी संमतीपत्रावरची पंचवीस वर्षांची हमी वाचली आणि ते अंगठा उमटवायला तयार झाले.

ते पत्र आजोबांनी काढून घेतलं. आबा निवृत्त शास्त्रज्ञ; आयुष्यभर त्यांनी यंत्रमानवांचे जबडे बनवले होते.

"तो शहाणा माझ्याच हातचा आहे," ते म्हणाले. "त्याचा जबडा मी बिजागरीवर बसवला. म्हणून त्याला जगात सगळीकडे बिजागऱ्याच दिसतात."

मग त्यांनी ईशालीची बोटं स्वतःच्या कानांसमोर टेकवली आणि सावकाश 'आ' केला. बोटांखाली काहीतरी आधी जागच्या जागी फिरलं आणि नंतर चक्क पुढे सरकलं. दाराची बिजागरी फक्त फिरते. हा सांधा फिरतो आणि घसरतोही.

आबांनी कागदावर आकृती काढली. खालच्या जबड्याचं वरचं टोक (अस्थिशीर्ष, म्हणजे हाडाचं गोल डोकं) कवटीच्या खोबणीत बसतं. दोन्ही हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक चिवट चकती असते, आणि ती त्या डोक्याबरोबर पुढेमागे सरकते. ईशालीची चकती थोडी पुढे निसटली होती. चार महिने तोंड उघडताना हाडाचं डोकं उडी मारून पुन्हा चकतीखाली शिरत होतं. त्या उडीचा आवाज 'कट्'. सोमवारी ते शिरलंच नाही. दारापुढे पायपुसणं गोळा व्हावं तशी चकती वाटेत अडकून बसली. उडी बंद, म्हणून आवाज बंद. आणि वाटही बंद.

कोडं सुटलं, पण जबडा सुटला नाही. चकती निसटायची कारणं पुष्कळ असतात, कधीकधी सापडतही नाहीत. तरी दिवसभर तुझे दात एकमेकांवर टेकलेले असतात की सुटे, असं आबांनी विचारलं.

ईशालीच्या शाळेत प्रत्येकाच्या दाढेवर मोहरीएवढा मणी बसवलेला असे. दात जुळले की बाकावर हिरवा दिवा लागे. जुळलेले दात म्हणजे मिटलेलं तोंड, मिटलेलं तोंड म्हणजे एकाग्र मन, असं शाळेचं गणित होतं, आणि त्याला पारितोषिकही मिळालं होतं. ईशालीचा दिवा सहाच्या सहा तास हिरवा असायचा. ती वर्गात पहिली होती. घरीसुद्धा सवयीने तिचे दात आवळलेलेच राहत.



"गप्प बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, बाळा, दात नाही," आबा म्हणाले. "दातांमध्ये बारीकशी फट राहते. चावताना, गिळताना क्षणभर टेकतात तेवढंच. बाकी वेळ चर्वणस्नायू (चावायला लागणारं गालातलं मांस) आराम करतो. तुझ्या स्नायूला सुट्टीच नव्हती."

"म्हणजे मी चुकीचं करत होते?"

"तू सांगितलेलं करत होतीस."

यात काही दिलासा नव्हता. चकती परत जागेवर येईल का, असं तिने विचारलं. बहुतेक नाही, असं आबांनी खरं ते सांगितलं. पण चकतीमागचं मऊ ऊतक (एकसारख्या पेशींचा थर) हळूहळू चिवट होतं आणि बरेचदा गादीचं काम शिकून घेतं. त्याला आठवडे लागतात, महिनेही लागतात.

तालुक्याला जबड्याच्या एक डॉक्टर उरल्या होत्या, हाडामांसाच्या. त्यांनी तपासून तेच सांगितलं, आणि सांधा काढणं हा शेवटचा उपाय असतो, पहिला नव्हे, असंही. बाबांनी हमीच्या कागदाकडे एकदा खिन्नपणे पाहिलं आणि शुक्रवारची वेळ रद्द केली. यंत्रमानवाने 'रुग्ण असहकारी' अशी नोंद केली. दाढेवरचा मणी काढल्यामुळे शाळेने ईशालीचं नाव चंचल मुलांच्या यादीत टाकलं.

मग मऊ भात, गालाला गरम कापडाचा शेक, दिवसातून तीनदा हलका व्यायाम. पाच आठवडे काहीही फरक पडला नाही.

सातव्या आठवड्यात मुख्याध्यापिका भिंतीवरच्या पडद्यावरून एकाग्रतेबद्दल बोलत असताना ईशालीला जांभई आली. जबडा जरा डावीकडे वळला, कानापाशी दुखलं, पण तोंड उघडलं. पूर्ण नाही; अडीच बोटं असेल.

शेजारच्या तनिष्काने ते पाहिलं. वर्गात आता ती पहिली होती. पडद्यावरची नजर न हलवता तिने विचारलं, की अडकायच्या आधी तुझा जबडा वाजायचा का गं? तिचा स्वतःचा उन्हाळ्यापासून वाजत होता. घरी तिने सांगितलं नव्हतं.

"आज सांग," ईशाली म्हणाली. "आणि आत्ता ओठ मीट. मिटलेस? आता दात सोड."

तनिष्काने एकदा मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मग तिच्या गालावर, कानाच्या जरा खाली उठलेली घट्ट गाठ हळूहळू सैल होत गेली.