भट्टीला कळता कामा नये

"ते मशीन ना? ते मी आज दुपारीच बंद करून परत सुरू करणार आहे. कुणी वापरतच नाही ते," बबी मैत्रिणीला म्हणाली, आणि तिच्या पाठीमागे कुणाचा तरी चहा सांडला.

तिने वळून पाहिलं. उपाहारगृहाच्या त्या गर्दीत एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातावरून चहा ओघळतोय, आणि नजर मात्र तिच्यावर... जणू तिने त्याच्या घरालाच काडी लावायचं ठरवलं होतं.

"त्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "मी वापरतो ते. म्हणजे— माझी भट्टी वापरते."

"कोणती भट्टी?"

"चला, दाखवतो."

बबी हे तिचं घरचं नाव. संस्थेत तिला सगळे 'संगणकवाल्या बाई' म्हणत, पण आपण कशाला एवढा औपचारिकपणा करायचा? तर बबी त्याच्यामागून निघाली. हातातली अर्धी बिस्किटं तशीच होती. आवाराच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, काचेची कार्यशाळा होती. आत एक भलीमोठी भट्टी आपल्याच तंद्रीत गुणगुणत होती.

त्या भट्टीत एक तबकडी निवत होती. दुर्बिणीच्या आरशासाठी ओतलेली काच, जेवणाच्या टेबलाएवढी. तापलेली काच एकदम गार झाली तर तडकते, म्हणून कित्येक महिने तिची ऊब थोडी थोडी करून उतरवायची. याआधीच्या दोन तबकड्या तडकल्या होत्या. तिसरी तडकली तर भट्टी कायमची बंद, असं वरून सांगून झालं होतं.

बबीच्या लक्षात सगळा घोळ आला. संस्थेच्या मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक राहत, इमारतीत भाडेकरू राहावेत तसे. त्यांना सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे घरमालक. या घरमालकात एक भगदाड सापडलं होतं, आणि चोर आत शिरायच्या आधी नवी आवृत्ती बसवणं भाग होतं. साहेबांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. बाकीच्या भाडेकरूंना थोडा वेळ दुसरीकडे हलवता आलं असतं. भट्टी चालवणाऱ्या भाडेकरूला, म्हणजे बबी ज्याला बिनवापराचं मशीन समजली होती त्याला, नाही, कारण संगणकात बसवलेलं एक खरंखुरं कार्ड थेट त्याच्या हातात दिलेलं होतं, आणि त्या कार्डाची वायर भिंतीतून या भट्टीपर्यंत आली होती. सॉफ्टवेअर बंद झालं की कार्डावरची पकड सुटणार. पकड सुटली की कार्ड सगळं विसरून कोरं होणार.

"आणि कार्ड कोरं झालं की?" तिने विचारलं.

"भट्टीला वाटतं काहीतरी बिघडलं. ती हीटर बंद करते आणि पंखे सुरू करते. सुरक्षा म्हणून." तो कसंनुसं हसला. "माझ्या काचेचा जीव घेणारी सुरक्षा."

"मुदत वाढवून मागते."

मागितली. मिळाली नाही. साहेब म्हणाले, एका काचेसाठी सगळ्या संस्थेची दारं उघडी ठेवायची का? त्यांचंही खोटं नव्हतं. बबीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली.

"एक मार्ग आहे," तिने परत येऊन सांगितलं. "जुनं सॉफ्टवेअर जिवंत असतानाच नवं सुरू करायचं. कार्डाची पकड जुन्याने नव्याच्या हातात द्यायची, मगच डोळे मिटायचे. तुमचा आभासी संगणक क्षणभर थबकेल, पण कार्ड शेवटचा हुकूम पाळत राहील. भट्टीला काही कळता कामा नये."

"आधी केलंय हे कधी?"

"पुस्तकात वाचलंय."

"वा!" तो म्हणाला. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकूनच पिणार. "मग इथेच बसून तालीम करा. माझ्या डोळ्यांदेखत."

अशी ती रोज कार्यशाळेत जाऊ लागली. भट्टीच्या कार्डासारखंच एक जुनं कार्ड आणि भट्टीच्या जागी एक साधा दिवा, अशी तालमीची मांडणी केली. दिवा लुकलुकला नाही की जिंकलो. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, भट्टीची ऊब पाठीला लागायची. तो चहा आणून तिच्या कोपराशी ठेवायचा, अगदी हळू, कप टेकल्याचाही आवाज होऊ न देता. काचवाल्यांची सवयच ती, असं बबी स्वतःला सांगायची. पण कप ठेवून झाल्यावर तो तिथेच का घुटमळायचा, याचं उत्तर त्या सवयीत नव्हतं.

"तुम्हाला दुसरं काम नाही का?" तिने एकदा विचारलं.

"आहे ना. तबकडी थंड होताना बघणं."

"तबकडी तिकडे आहे."

"हो... कळलं मला ते," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

घरी वहिनीने लगेच ओळखलं. "काय गं बबे, या काचोबाचं नाव दिवसातून किती वेळा घेतेस?"

"नाव कुठे घेतलं? भट्टीबद्दल सांगतेय मी."

"भट्टीबद्दल बोलताना कुणी केस सारखे करत नाही गं." वहिनीपुढे बबीची डाळ कधीच शिजली नव्हती.

पण दिवा लुकलुकतच राहिला. बबी सगळं बरोबर करत होती. पकड नव्या सॉफ्टवेअरच्या हातात नीट जात होती, तरी ऐन वेळी दिवा डोळा मिचकावल्यासारखा विझून पुन्हा लागायचा. त्या एका मिचकावण्यात भट्टीतली काच गेली असती.

"माझ्या कामाची गंमतच आहे," ती एका संध्याकाळी वायर गुंडाळताना म्हणाली. "नीट झालं तर कुणाला कळतच नाही की मी काही केलं. बिघडलं तरच माझी आठवण होते. वाईट वाटतं कधी कधी."

त्याने वायरचं सुटलेलं टोक उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाला, "मला कळेल."

बबीने वायर पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

मुदतीच्या आदल्या दिवशी भट्टीवरची पाळी बदलताना ती तिथे होती. दुसऱ्या पाळीवर एक वयस्कर गृहस्थ असत, सगळे त्यांना मामा म्हणत. मामा आले, टोपी खुंटीला लावली आणि काचवाल्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले. एका बटणाला हात नाही की एक प्रश्न नाही. दोघं शेजारी शेजारी बसून भट्टीच्या तापमानाच्या काट्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "बसलो रे." तेव्हा कुठे तो उठला.

"हे काय?" बबीने विचारलं.

"आमची रीत आहे. येणाऱ्याने आधी काहीही करायचं नाही. नवीन माणसाचा हात शिवशिवतो हो... आल्या आल्या काहीतरी सारखं करावंसं वाटतं. तिथेच काच जाते."

बबी ताडकन उठली. नवा गडी, नवं राज्य! तिचं नवं सॉफ्टवेअर नेमकं तेच करत होतं. आल्या आल्या समोर दिसेल ते कार्ड पुसून पहिल्यापासून मांडायचं, ही त्याची जन्मजात सवय. तिने त्याच्या हातात पकड दिली होती, पण 'तू नवा नाहीस, काही पुसू नकोस, आहे तसं पुढे चालव' हे सांगायलाच विसरली होती. तिने ते सॉफ्टवेअरला सांगितलं आणि तालीम पुन्हा लावली. मामांनी चष्मा पुसला, काचवाला श्वास रोखून उभा राहिला. दिवा जळत राहिला. पुन्हा केलं, तरीही जळत राहिला. आनंदाच्या भरात तिने त्याचा दंड धरला, आणि सोडायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मामांना एकाएकी बाहेरचा पाऊस बघावासा वाटला.

शुक्रवारी दुपारी खरी वेळ आली. बबी भट्टीकडे पाठ करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. "नीट ऐका," ती म्हणाली. "थोडा वेळ जुनं आणि नवं दोन्ही जिवंत असतील. तेवढ्यात काटा जरा जरी हलला तर ओरडा, मी जुन्याकडे परत जाईन. एकदा जुनं गेलं की माघार नाही. तुम्ही फक्त काट्याकडे बघायचं. डोळेही मिटायचे नाहीत."

"बरं," तो म्हणाला.

तिने कळीवर बोट ठेवलं. ही काच गेली तर या माणसाला तोंड कसं दाखवायचं? आणि न दाखवता राहायचं कसं? हे तिच्या मनात इतकं सरळ उमटलं की तिची तीच दचकली. तिने कळ दाबली. नवं जागं झालं. पकड या हातातून त्या हातात गेली.

"काटा?" तिने विचारलं.

उत्तर नाही.

"अहो, काटा कुठे आहे?"

"आं? ...आहे. आहे तिथेच."

तिने जुनं सोडून दिलं. भट्टी गुणगुणत राहिली. पंखे गप्प होते. बबीने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि वळून पाहिलं. तो भट्टीकडे पाठ करून उभा होता, तोंड तिच्याकडे. अशा अवस्थेत काटा दिसायला डोक्यामागे डोळे हवेत.

"तुम्ही बघतच नव्हता?"

"मी विचारल्यावर बघितला," तो गडबडला. "म्हणजे तुम्ही विचारल्यावर. त्याआधी... नाही."

"आणि तडकली असती तर?" तिचा आवाज चढला. "भट्टी बंद झाली असती! इतके महिने जीव टांगणीला लावून बसलास, आणि ऐन वेळी पाठ फिरवून उभा राहिलास?"

"भट्टी बंद झाली असती तर दुसरं काम शोधलं असतं," तो म्हणाला. "मी काट्याकडेच बघायला उभा राहिलो होतो, खरंच. पण मनात आलं, काटा हलला नाही तर तू लॅपटॉप मिटशील आणि निघून जाशील. उद्यापासून इथे यायला तुला काही कारणच उरणार नाही. तेवढ्या वेळात मला फक्त तुला बघून घ्यायचं होतं... मला तू आवडतेस. काचेपेक्षाही."

भट्टी गुणगुणत होती. बबीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"आधी काट्याकडे बघ," ती म्हणाली.

त्याने मुकाट्याने मान वळवली. "जागेवर आहे. एक केसभरही हललेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

बबीने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि स्टूल त्याच्या जवळ ओढून बसली.

"आता मघाचं पुन्हा सांग," ती म्हणाली. "मी रागात होते, नीट ऐकलं नाही."

खरं तर तिने शब्दन् शब्द ऐकला होता.