उरलेला स्क्रू

जिन्याखालच्या कपाटात पूर्वी बाबांची हत्यारं असायची. ती माळ्यावर गेली आणि त्या जागी धाकटीने डब्याएवढा एक सर्व्हर बसवला, तेव्हा तिचा आनंद गगनात मावत नव्हता. ऑफिसात ती दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायची. हा पहिलाच घरचा, स्वतःच्या मर्जीचा. तिने त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली आणि दाराचं कुलूप, गॅसचा सेन्सर, जिन्यातले दिवे, बाबांच्या गोळ्यांची आठवण, सगळं त्याला जोडून टाकलं.

घाईला कारण होतं. बाबा जिन्यावरून पडले होते आणि दादाने फोनवर साफ सांगितलं होतं, "महिनाअखेरीस येतोय मी. बाबांचं नीट चाललेलं दिसलं नाही, तर वृद्धाश्रमात सोय करणार. तू तरी स्वतःचं घर सोडून किती दिवस तिथे पडून राहणार?" धाकटीला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. बाबा आश्रमात गेले तर हाय खातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काय करतोय हा डबा?" बाबांनी काठी टेकत येऊन विचारलं. जन्मभर कारखान्यात फिटर होते. कानाला मशीन लावूनही ऐकू कमी यायचं, म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे.

"दुकानात जाऊन येतोय," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "सॉफ्टवेअरचं भांडार असतं, रिपॉझिटरी म्हणतात. मी पत्ते घालून ठेवलेत. आता हा रोज आपणहून विचारून येणार, सुरक्षेत कुठे भोक सापडलंय का, त्यावर ठिगळ आलंय का. आलं असेल तर आणून लावणार. मला बोटसुद्धा लावायला नको!"

"आणि माल खरा कशावरून?"

"प्रत्येक भांडाराची सही असते. ती जुळली तरच माल आत."

"जुळवलीस?"

"हो हो," धाकटी म्हणाली, आणि ते खरं नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं एक भांडार तिला इंटरनेटवरच्या कुठल्याशा जुन्या चर्चेत सापडलं होतं. पत्ता कुणी टाकला होता कोण जाणे. सही ताडून बघायची सोडून तिने 'हो' दाबलं होतं. उतावीळ माणसाला दार दिसतं, उंबरा दिसत नाही. कुठल्या भांडारांचा माल न विचारता लावायचा, त्यांची नावं एकेक करून लिहायची असतात. तिथे तिने नुसती चांदणी ठोकली होती. चांदणी म्हणजे सगळेच. आणि खाली आणखी एक सोय चालू केली होती: जे लागत नाही, ते आपोआप काढून टाक.

ही शेवटची सोय तिने बाबांना मोठ्या कौतुकाने सांगितली. बाबांनी मान हलवली.

"दुरुस्तीनंतर स्क्रू उरला तर टाकायचा नसतो, धाकटे. तो कुठला, हे कळेपर्यंत मशीन सुरू करायचं नाही. खिशात ठेवायचा आणि शोधायचा."

"बाबा, हे लोखंड नाहीये!" ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातल्या पडद्यावर ओळ आली होती. 'सुरक्षा अपडेट: जिना, तिसरी पायरी. लावले.'

कुणाची तरी चेष्टा, असं म्हणत ती जिन्याकडे गेली. तिसरी पायरी म्हणजे बाबा जिच्यावरून पडले, ती डुगडुगणारी. धाकटीने पाय ठेवला. मग दोन्ही पाय ठेवले. मग चक्क उडी मारली. पायरी कुरकुरलीसुद्धा नाही.

मग न्हाणीघराची निसरडी फरशी झाली, कधीच नीट न लागणारी खिडकी झाली. धाकटीला आता झोपेतून उठायचीही घाई व्हायची. चहा बाजूला ठेवून ती आधी कपाट उघडायची. तार उपटून टाकावी, हे तिची सगळी विद्या तिला ओरडून सांगत होती. पण बाबा आश्रमापासून वाचत होते. मग तार उपटणार कोण?

आणि एका सकाळी ओळ आली. 'सुरक्षा अपडेट: उजवा गुडघा. लावले.'

तिने ओळ पुन्हा वाचली. वरून गुणगुणणं ऐकू आलं, आणि बाबा कठड्याला हात न लावता जिना उतरून आले. "धाकटे, हे बघ!" म्हणत त्यांनी मधल्या खोलीत उठाबशा काढल्या. तिने त्यांना मिठीच मारली. हसतही होती, रडतही होती.

काठी मात्र कोपऱ्यात नव्हती. "गरज सरो, वैद्य मरो!" बाबा खदखदून हसले. पडद्यावर खाली दुसरी ओळ होती. 'गरज नाही: काठी. काढली.'

मग कान सुधारले, आणि कानाचं मशीन त्याच्या डबीसकट गेलं. बाबा हळू बोलायला लागले. मग न्हाणीघरातली आधाराची दांडी गेली. धाकटीने भिंतीवरून हात फिरवला. स्क्रूची भोकं नव्हती. रंग जुनाच होता, सलग.

मग रक्तदाब बघायला येणाऱ्या नर्सबाई आल्या नाहीत. हा नंबर अस्तित्वात नाही, असं फोन सांगायला लागला.

"कोण नर्सबाई?" बाबांनी विचारलं.

"असं काय करता? निळा स्वेटर, सारख्या तुम्हाला रागवायच्या..."

"नाही बुवा," बाबा म्हणाले. त्यांचा चेष्टेचा चेहरा तिला ओळखता यायचा. हा तो नव्हता.

ती काढून टाकायची सोय बंद करायलाच हवी होती. पण दादा उद्याच येणार होता, आणि बंद केल्यावर गुडघा गेला तर? एकच दिवस, तिने ठरवलं. तो बघून जाऊ दे, मग बंद.

दादा आला. बाबांनी त्याच्या हातातली बॅग हिसकावली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर नेऊन ठेवली. दादाचा आ वासलेलाच राहिला.

"अगं, हे तर माझ्यापेक्षा धडधाकट!" त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "जिंकलीस बाई. आश्रमाचं नाव काढणार नाही. आणि सुटलीस की तू! आता तुझी इथे काही गरजच नाही."

धाकटी खळखळून हसली. जिंकली होती ती! मग ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

जिन्याखाली डब्याचा पंखा सुरू झाला.

ती धावली. कपाट उघडून तिने आपलं नाव टाइप केलं, मग पासवर्ड.

'असा वापरकर्ता नाही.'

तिने एकेक अक्षर बघत पुन्हा टाइप केलं. तीच ओळ आली. तिने तार उपटायला हात घातला. तार हातात आलीच नाही.

"दादा!"

स्वयंपाकघरातलं हसणं, बोलणं चालूच राहिलं.

ती दारात जाऊन उभी राहिली. भिंतीवर कप अडकवायचे तीन हूक असायचे, तिथे आता दोनच होते. तिसऱ्याच्या जागी जुना रंग होता, सलग.

बाबा दोन कपांत चहा ओतत होते. ओट्यावर तिसरा कप होता, कानाचा टवका उडालेला. तिचा.

"हा कुणाचा?" दादाने विचारलं.

बाबांनी कप उचलला. फिरवून पाहिला. मग भिंतीकडे, हुकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काही झालं तरी फिटर होते ते. धाकटी अगदी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"उरलेला दिसतोय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला.