उद्यमनगरातली पंगत

उद्यमनगरात पत्ता विचारायचा तर ओरडूनच विचारावा लागतो. स्वप्नालीला हे ठाऊक नव्हतं. गगनबावड्याच्या धुक्यात वाढलेली मुलगी ती. तिथं हळू बोललं तरी पलीकडच्या वळणावर ऐकू जातं. इथं गल्लीच्या दोन्ही बाजूंना यंत्रांची घरघर, लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश सूर... आणि मधोमध ही उभी. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात वाऱ्यानं उलटी झालेली छत्री.

"ओ दादा!" तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी अगदी बेंबीच्या देठापासून.

शेडच्या दारात लेथवर वाकलेल्या तरुणानं मशीन बंद केलं. मान वर केली. आणि तिच्याकडं बघायच्या आधी तिच्या हाताकडं बघितलं.

"कसला अँटेना हाय ह्यो?"

"छत्री आहे," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "मोडलीय."

"दिसतंय की." त्यानं हात चिंध्यांना पुसले, छत्री घेतली, पक्कड लावून एकेक काडी सरळ करायला लागला. "गगनबावड्याची छत्री, आणि कोल्हापूरच्या भुरभुरीत मोडली?"

"गगनबावड्याची... तुम्हाला कसं कळलं?"

"एस.टी.चं तिकीट चिकटलंय फाईलला."

ती खाली बघून ओशाळली. तिकीट सोलून काढताना तिला हसूही आलं. "मी मुलाखतीला आलोय," ती म्हणाली. त्यांच्याकडच्या मुली 'आले' म्हणत नाहीत, बेधडक 'आलो' म्हणतात. "केरबा-अंजना शिष्यवृत्ती. कुठं आहे ते ऑफिस?"

"ह्याच शेडच्या वर. जिना मागनं हाय." त्यानं छत्री तिच्या हातात दिली. मग जरा थांबून म्हणाला, "आणि ते दादा म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"बाकी काय पण म्हणा..."

जिना चढताना तिनं उगाचच मागं वळून बघितलं. तो तिथंच उभा होता, पक्कड हातात धरून.

वर दोन खोल्यांचं साधं घर होतं. भिंतीवर एका जोडप्याचा फोटो. केरबा आणि अंजना. दोघंही आता नव्हते. फोटोखाली ट्रस्टची तीन-चार माणसं बसली होती, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज होता बाळाबाईंचा. जन्मभर शेजारी कामगारांची खानावळ चालवलेली बाई. अंजनाकाकींची जिवाची मैत्रीण.

"काय शिकणार म्हणालीस?"

"हवामानशास्त्र. बी.एस्सी. झालीय, आता पुण्याला एम.एस्सी. करायचीय."

"म्हंजे पाऊस पडणार का न्हाय, ते सांगणार?"

"किती पडणार, तेही. आमच्याकडं घाटात दरड कोसळते, बाई. मी आठवीत असताना आमच्या शेजारचं घर गेलं. आधी सांगता आलं असतं तर माणसं हलवता आली असती."

बाळाबाई फोटोकडं बघत म्हणाल्या, "ह्या दोघांनी खालच्या लेथवर आयुष्य काढलं बघ. ही सातवी, त्यो मॅट्रिक नापास. अंजी म्हणायची, शाळंच्या पोराला कोणपण वही घिऊन देतंय. पर पोरगं ग्रॅज्युएट झालं की समदे म्हणत्यात, झालं की आता, लाग कामाला. तिथंच पोरं अडकत्यात. म्हणून शेड, घर, समदं ट्रस्टला देऊन गेली दोघं. शेडचं भाडं येतंय, त्यावर पोरं शिकत्यात."

स्वप्नालीची निवड तिथंच झाली. ती खाली आली ती हवेत तरंगतच. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं... इतका वेळ वर यंत्राचा आवाज आलाच नव्हता.

"मशीन का बंद ठेवलंत?"

"वर बोलणं ऐकू यायला पायजे की."

"कुणाला? त्यांना... की तुम्हाला?"

त्यानं लेथ सुरू केला. पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिनं बघितल्या.

त्याचं नाव राजवर्धन. केरबांचा सख्खा पुतण्या. काका-काकींनी त्याला मुलासारखा हाताशी धरून काम शिकवलं होतं, आणि तोच आता ट्रस्टला भाडं भरून हे वर्कशॉप चालवत होता. बाळाबाईंनी हे सांगितलं तेव्हा स्वप्नालीला एकदम जाणवलं. जे याचं व्हायचं, ते आपल्याला मिळतंय.

पुण्यात गेल्यावर पंधरवड्यातच त्याचा पहिला मेसेज आला. शेडवरच्या आभाळाचा फोटो, आणि खाली: *रंगवलेले जॉब उन्हात ठेवलेत. पडंल का?*

तिनं नकाशे बघितले, वाऱ्याची दिशा बघितली आणि मोठ्या ऐटीत लिहिलं: *नाही.*

थोड्या वेळानं चिंब भिजलेल्या लोखंडी भागांचा फोटो. *पडला की ओ मॅडम!*

*कोल्हापूरच्या पावसाला शिस्त नाही.*

*पोरींना पण न्हाय. गणपतीला येणार म्हणालीस, आली न्हाईस.*

'ओ मॅडम'वरून 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. होस्टेलवरच्या मुली तिच्या 'मी जेवलो', 'मी झोपतो'ला हसायच्या. आता फोन वाजला की तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायला लागल्या.

सुट्टीत गावी जाताना कोल्हापुरात उतरायचं, हा तिचा नेमच झाला. दिवाळीच्या सुट्टीत तो तिला गंगावेशीला दूध प्यायला घेऊन गेला. समोर म्हैस पिळलेली, उंच पेल्यात फेसाळ, कोमट दूध. तिनं एक मोठा घोट घेतला.

"लागलाय..." त्यानं स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं.

"काय?"

"फेस. मिशी आलीय तुला."

तिनं घाईघाईनं ओढणीनं ओठ पुसले. तो तिच्याकडं बघतच राहिला... मग दोघंही एकदम म्हशीकडं बघायला लागले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती शेडची जागा तुला मिळाली असती. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. खोटं कशाला बोलू? काकीनं आधी मला विचारलं होतं. म्या मोठ्या तोऱ्यात म्हटलं, दे पोरांना. आणि मग वर मुलाखतीला येणारी पोरं बघून पोटात दुखायचं." तो हसला. "एकदा एक पोरगं निकाल लागल्यावर पेढे घेऊन आलं. रडायलाच लागलं शेडात. म्या पण रडलो, काय कारण न्हाय. त्या दिवसापासनं दुखायचं थांबलं बघ."

तिनं रिकामा पेला खाली ठेवला.

दुसऱ्या वर्षी, रंकाळ्याच्या काठावर भाजलेलं कणीस खाताना तो मध्येच थांबला.

"तुला एक विचारायचंय. पण आत्ता न्हाय."

"का?"

"खाली माझा लेथ फिरतो, त्याच्या भाड्यावर तुझं शिक्षण चाललंय. आत्ता विचारलं तर तुला न्हाय म्हणायला जड जाईल. तुझं शिकून होऊ दे, तुझ्या पायावर उभी ऱ्हा. मग विचारतो."

पाण्यावरून गार वारा आला. तिनं कणसाचे दाणे सोलत, मान खाली घालून विचारलं, "आणि तोवर दुसऱ्या कुणी विचारलं तर?"

"माझ्याकडं पाठव त्याला. छत्रीसारखा सरळ करतो."

ती खळखळून हसली. पण गगनबावड्याच्या गाडीत बसल्यावर तिला प्रश्न पडला. मला हा आवडतो, की त्या फोटोतल्या दोघांच्या घरातला म्हणून आवडतो? हे उपकारांचं ओझं तर नाही?

उत्तर आपसूक मिळालं. परीक्षेच्या आधी त्याचे मेसेज एकाएकी बंद झाले. फोन केला तर "कामात हाय" म्हणून ठेवून द्यायचा. शिष्यवृत्ती नेहमीसारखी वेळेवर आली. पण त्या आठवड्यात पुण्यात आपल्याला काहीच आलं नाही, असं तिला वाटत राहिलं. आभाळ कुणाला दाखवायचं हेच कळेना. उपकार आणि प्रेम या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

तिनं बाळाबाईंना फोन लावला.

"त्याचा बा भडकलाय गं," बाळाबाई म्हणाल्या. "गणपतराव. तुमच्या दोघांचं कळलं त्याला. म्हणतोय, एकदा इस्टेट दिली, आता पोरगाबी ट्रस्टला द्यायचा व्हय? भाऊ-भावजय गेल्यापासनं त्यानं शेडची पायरी चढल्याली न्हाय. आणि पोरगं म्हणतंय, तुझ्या परीक्षेत इघ्न नको, म्हणून गप बसलंय."

परीक्षा संपली तशी स्वप्नाली कुणालाही न सांगता गणपतरावांना भेटायला गारगोटीच्या गाडीत बसली. गावाबाहेर घर, घरापुढं गोठा. गणपतराव म्हशींना वैरण टाकत होते.

"कोण पावणं?"

"मी स्वप्नाली. गगनबावड्याची."

हातातली पेंडी तशीच राहिली. "पोरगं मागायला आलीस?"

"नाही. तुमचे आभार मानायला आलोय."

"माझं? म्या काय केलंय?"

"ती शेड तुम्हाला मिळाली असती. ती तुम्हाला मिळाली नाही, म्हणून मी शिकलो. फोटोला हार सगळेच घालतात. पण यात तुमचंही गेलंय, आणि तुमचे आभार कुणी मानले नाहीत. म्हणून आलोय."

गणपतराव म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. राजवर्धनच्या आईनं आतून चहा आणला, दोघांकडं बघितलं आणि कप ठेवून गेली.

"त्या शेडचा पाया म्या खणलाय," शेवटी ते म्हणाले. "दादा आणि मी. वैनी भाकरी घिऊन यायची. तिघं तिथंच मातीत बसून खायचो." त्यांनी हातातली पेंडी म्हशीपुढं टाकली. "जागा गेल्याचं एवढं न्हाय गं. पोराला विचारलं त्यांनी. मला... मला कुणी विचारलं न्हाय."

स्वप्नाली उठली. त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मग मी विचारतो, मामा. तुमच्या वाटणीचं घेऊन मी शिकलो. चालेल ना?"

"आता विचारतीस व्हय? समदं शिकून झाल्यावर?"

"होय. उशीर झाला."

"उशीर झालाच." गणपतरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. "पर इचारलंस. च्या पी, गार व्हायलाय."

बाकी काही बोलणं झालं नाही. तिनं काही मागितलं नाही, त्यांनी काही कबूल केलं नाही. पण गाडीपर्यंत ते तिला सोडायला आले, आणि गाडी हलेपर्यंत थांबले.

त्या वर्षी तिचा निकाल चांगला लागला आणि कोल्हापुरातच, पूर आणि दरडींचा अंदाज देणाऱ्या एका प्रकल्पात तिला नोकरी मिळाली. लगोलग अंजनाकाकींचा स्मृतिदिन आला.

त्या दिवशी शेडमध्ये काम बंद असतं. लेथ पुसून त्यांच्यावर धुतलेल्या साड्या पांघरतात, आणि मधल्या जागेत पंगत बसते. आजवर शिकलेली सगळी मुलं येतात. कुणी वकील, कुणी प्राध्यापक, कुणी अजून अभ्यास करणारं. ज्याला जे जमेल ते घेऊन येतं. कुणी तांदूळ, कुणी कांदे. स्वप्नालीनं पहिल्या पगारातून गुळाची ढेप आणली होती. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. अंजनाकाकींनीच सांगून ठेवलं होतं, माझ्या दिवसाला आळणी जेवण वाढू नका म्हणून.

पहिली पंगत बसली. स्वप्नालीच्या शेजारी एक नवी, बुजरी मुलगी बसली होती; नुकतीच निवड झालेली. राजवर्धन बाह्या सरसावून रश्श्याची बादली घेऊन फिरत होता. आणि दारात कुणीतरी चप्पल काढल्याचा आवाज आला.

गणपतराव उभे होते. नवं कोरं धोतर, डोक्याला फेटा. त्यांनी उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत आले. बाळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. राजवर्धन बादली घेऊन जागच्या जागी थिजला होता.

"वाढ की," गणपतराव एवढंच म्हणाले.

तो वाढत वाढत स्वप्नालीच्या पानापाशी आला. वाकला.

"वाढू?"

"थांब," ती म्हणाली. "तू काहीतरी विचारणार होतास."

"आत्ता? रस्सा वाढताना?"

"शिकून झालं. पायावर उभी आहे." तिचा आवाज हलका होता, पण स्वच्छ होता. "काका-काकींचे उपकार आहेत माझ्यावर. तुझ्या वडिलांचेही आहेत. ते मी जन्मभर आनंदानं वागवणार. तुझे मात्र काही नाहीत."

"काहीच न्हायत?"

"काहीच नाहीत. तू मला नुसता... आवडतोस."

पंगत थांबली. शेजारच्या नव्या मुलीनं घास तोंडाशीच धरून ठेवला. एरवी साऱ्या गल्लीला ऐकू जाणारा राजवर्धन नुसता डोळ्यांनी हसत होता, आणि ते डोळे भरून आले होते.

"आरं बोल की मुडद्या!" बाळाबाई ओरडल्या. "भात गार व्हायलाय पोरीचा!"

"लगीन करशील माझ्यासंगं?"

"हो."

हा शब्द तिनं इतका हळू उच्चारला, की तो फक्त त्यालाच ऐकू जायला हवा होता. पण मागून एक दणकट हात पुढं आला आणि त्यानं राजवर्धनच्या हातातली बादली काढून घेतली.

"सर बाजूला," गणपतराव म्हणाले. "सुनंला मी वाढतो."