गेरूचा पहारा

"चोर फारच सज्जन दिसतोय!" दर्शन म्हणाला. "मका सोडला, वाल सोडला, नुसता पेंढा नेला!"

"सज्जन?" लाडकी भडकली. "त्यापेक्षा मला नेलं असतं तरी चाललं असतं!"

"तुला लगेच परत आणून सोडलं असतं," अदितीने शांतपणे सांगितलं.

दर्शन आणि अदिती ही भावंडं नाताळच्या सुट्टीत डहाणूहून सायवनला चिकूची वाडी असलेल्या वासुदेवमामाकडे आली होती. लाडकी शेजारची. तिच्या बाबांनी, लाहूकाकांनी, यंदा पहिल्यांदाच भातानंतर दुसरं पीक घेतलं होतं. नांगर न घालता, जमिनीत ओल होती तेव्हाच मका टोकला, मध्ये वाल लावला आणि वर पेंढा अंथरला. पेंढा म्हणजे जमिनीची गोधडी, ओल उडूच देत नाही! मका पिकला तर घर गावातच राहणार. नाही तर सगळे दूर वीटभट्टीवर कामाला, आणि लाडकीची शाळा बंद! आता गोधडी गेलेल्या ओळींतला मका तहानेने पानं गुंडाळून बसला होता.

"पाळत ठेवू या!" लाडकी म्हणाली.

"म्हणजे झोप मोडणार," दर्शन म्हणाला. प्रश्न खरोखरच गंभीर होता. "त्यापेक्षा गेरू आहे का?"

भिंतींना लावायचा गेरू लाडकीच्या घरात होता. तिघांनी तो उरलेल्या पेंढ्यावर भुरभुरवला. दर्शनने थोडा बुजगावण्यालाही फासला. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सकाळी मामा पांढऱ्या लेंग्यात न्याहारीला आला. लेंगा पुढून पांढरा होता. मागून तो थेट लाडकीच्या घराच्या भिंतीसारखा लाल दिसत होता!

दर्शनने लाडकीला हाक मारली आणि तिघं अंगणात धावली. चिकूच्या खोक्यांत तळाला मऊमऊ पेंढा, आणि वर लालबुंद चिकू!

"मामा, तुझे चिकू लाजलेत!" अदिती ओरडली.

"अरे देवा!" मामाने कपाळाला हात लावला. तेही लाल झालं. "पहाटेच्या अंधारात शेतात नुसता पेंढा पसरलेला दिसला. मला वाटलं, राबासाठी ठेवलाय. भाताच्या रोपांची जागा भाजायला जाळणारच आहेत, तर माझे चिकू तरी मऊ बसतील!"

"विचारायचं तरी, शेठ!" लाडकीमागोमाग आलेले लाहूकाका म्हणाले.

मामाने सगळा पेंढा स्वतःच्या डोक्यावरून परत नेला आणि वाडीतला पालापाचोळाही आणून अंथरला. बुजगावणं लाल, मामाही लाल. कावळ्यांची भारीच पंचाईत झाली.

"पोरांनो, शेत राखलंत तुम्ही!" लाहूकाकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

मका निघाला तेव्हा मामा एका संध्याकाळी खोकं घेऊन डहाणूला आला. आत टपोरी कणसं होती. तळाला पेंढा नव्हता, जुनी वर्तमानपत्रं होती.

"लाडकी नाही आली?" दर्शनने विचारलं.

"कशी येणार? उद्या तिचा गणिताचा पेपर!"

दर्शनने कणीस खाली ठेवलं. वीटभट्टीतून सोडवली आणि गणितात ढकलली! त्याला फार वाईट वाटलं. मग त्याने ते कणीस उचलून भाजायला नेलं.