सिदराचा जोड

वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला की काळ्या काचेतून काही म्हणता काही दिसत नाही, दिसतो तो फक्त ठिणगीचा हिरवा ठिपका. त्यामुळे तो मुलगा शेडमध्ये कधी येऊन उभा राहिला, हे सिदराला कळलंच नाही. ग्रिलचं काम आटोपून तिनं मुखवटा वर केला आणि — या अल्लाह! — समोर हा उंचच्या उंच, पावसानं निथळत, खांद्यावर मोटारसायकलचा नुसता सांगाडा घेऊन उभा.

"घाबरवलंत की मला!"

"मी? उलट तुमच्या ठिणग्यांनी मला घाबरवलंय. केव्हाचा जागचा हललो नाहीये."

"काम काय आहे?"

"या फ्रेममध्ये इंजिन बसवायचंय... दुसऱ्याच गाडीचं."

सिदरा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. कळंबोलीच्या लोखंडबाजारातला जो तो तिला तेच वाक्य ऐकवायचा. अब्बा कुठायत? तिचे अब्बा, शकीलभाई, कतारमध्ये पाइपलाइनचं वेल्डिंग करून परतलेले. तिथलं सगळं कसब त्यांनी लेकीच्या हातात दिलं होतं, पण लोकांना पटलं पाहिजे ना! आदल्याच दिवशी ट्रकवाल्या प्रभाकरशेठनी तिच्याकडे बघून मान हलवली होती. "नाय नाय, आब्बाला येऊ दे. आमी थांबतो." आणि थांबलेही, चांगले दोन चहा पिऊन.

हा मात्र ग्रिलपाशी वाकला, जोडावर हात न लावता नजर फिरवली आणि म्हणाला, "हे आत्ताचं तुम्हीच केलंत ना?"

"मग काय भुतानं?"

"मग इंजिनही तुम्हीच बसवा."

बस्स, एवढंच. इकडेतिकडे बघणं नाही, 'अब्बा कधी येतात' नाही. सिदराला एवढं बरं वाटलं, की तिनं उगाचच हातमोजे काढले आणि परत घातले.

त्याचं नाव ओवेस. पनवेलच्या बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं.

"चष्मेवाल्याला डर्ट बाईक कशाला हो?"

"दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणत बसतो. एखादा रविवार तरी चिखलात लोळू नको?"

बाईक त्यानं एका फार्महाऊसवाल्याकडून उचलली होती. कुठल्या तरी परदेशी कंपनीची. इंजिन जाम, आणि त्याचे पार्ट मिळणं म्हणजे स्वप्नच. म्हणून कॉलेजात वापरलेल्या स्वतःच्या गाडीचं इंजिन त्यानं उतरवून आणलं होतं. आपट्याला पाताळगंगेच्या काठच्या शेतात दर पावसाळ्यात चिखलातली शर्यत होते. इतकी वर्षं तो कुंपणाला टेकून ती बघत आला होता. यंदा त्याला आत उतरायचं होतं.

"मला जिंकायचं नाहीये," तो म्हणाला. "एकदा... फक्त एकदा त्या चिखलातून पलीकडे जायचंय."

हे बोलताना त्याचे डोळे असे काही चमकले, की सिदरानं मनातल्या मनात ठरवून टाकलं. हे इंजिन बसणारच.

पण परकं इंजिन परक्या फ्रेममध्ये असं सुखासुखी बसतं होय! इंजिनाच्या बोल्टची भोकं एकीकडे, ते जिथे अडकवायचं ते फ्रेमचे कान दुसरीकडे. रोज दुकान बंद झालं की ओवेस यायचा आणि दोघं मिळून इंजिन वर उचलायचे, विटांवर ठेवायचे, सरकवायचे, पुन्हा उतरवायचे. सिदरानं मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून इंजिन धरणाऱ्या पट्ट्यांचे नमुने केले. पुढचं चाक-मागचं चाक सोडा, आधी चेनची दोन्ही दातेरी चक्रं एका रेषेत यायला हवीत म्हणून दोरी ताणली. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या.

"सरळ आहे?" तिनं विचारलं.

"एकदम सरळ."

"तुम्ही दोरीकडे बघतच नाहीयात!"

"चष्मेवाला आहे मी. मला न बघताही दिसतं."

"हो का? मग डोळे मिटूनच चालवा गाडी."

चेन जमली तर किक अडकली. खाली दाबली की थेट पाय ठेवायच्या दांडीवर आदळायची. सिदरा इतकी वैतागली, की पाना आपटून खालीच बसली. ओवेस तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"काही नाही... उद्याही यावं लागेल ना."

अब्बा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते मोठ्यांदा खोकले. सिदरानं दांडी कापून मागे घ्यायला घेतली, कान मात्र लालबुंद.

मग बुधवार आला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. इंजिन आपल्या जागी बसलं होतं, वरच्या पट्ट्या पक्क्या झाल्या होत्या. राहिला होता खालचा जोड, सगळ्यात महत्त्वाचा. सिदरा मुखवटा ओढणार, तेवढ्यात समोर स्टुलावर बसलेला ओवेस हळूच म्हणाला,

"काम सुरू करण्याआधी तुम्ही जीभ दाताखाली धरता. माहितीये?"

"नाही धरत."

"धरता. आत्ताही धरलीये... छान दिसता."

सिदरानं हाताला लागला तो रॉड उचलला आणि धाडकन मुखवटा खाली ओढला. आत तिचा चेहरा नुसता तापला होता. जोड भरताना जरा तडतड झाली, पण तिचं स्वतःचंच काळीज एवढं तडतडत होतं, की तिकडे लक्ष कोण देतंय! नंतर जोड घासला, काळा रंग मारला. वरून बघाल तर देखणा. अब्बासुद्धा म्हणाले, "वा, बेटा."

रविवारी आपट्याला जत्रा भरावी तशी गर्दी होती. उघडीप मिळाली होती, शेताचा नुसता लगदा झाला होता. सिदरा भावकीतल्या पोरींना घेऊन आली होती. ओवेसनं तिला लांबूनच हात केला, बाईक किक मारून सुरू केली. पहिल्याच किकला! सिदरानं शेजारच्या पोरीचा हात गच्च दाबला. आपण बसवलेलं इंजिन बोलतंय...

कुंपणापाशी वेणूमावशीची वड्यांची गाडी होती. मावशीनं ओल्या हातानं वडा सोडला आणि कढईत पाण्याचे थेंब पडले. तेल तडतडलं.

सिदरा जागीच थिजली.

हाच आवाज. बुधवारचा. पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड पापडासारखे सादळतात. म्हणून अब्बांनी बल्ब लावलेली पेटी केलीये, रॉड घ्यायचे ते त्या उबेतले. ओला रॉड तडतडतो आणि जोडाच्या आत भोकं राहतात. वरून कळत नाही. आणि बुधवारी तिनं पेटी उघडलीच नव्हती. बाकावरच्या उघड्या पुडक्यातला रॉड घेतला होता.

कदाचित काही होणारही नाही, एक मन म्हणालं. गप्प बस. लोकांना काय, निमित्तच हवंय. सांगितलं होतं ना, मुलीच्या हातचं काम! आणि ओवेसनं इतकी वर्षं वाट बघितलीये. पण पहिल्याच उडीला गाडी आपटली आणि जोड सुटला तर? इंजिन निसटेल, चेन अडकेल, मागचं चाक जागच्या जागी थांबेल. आणि त्यावर तो बसलेला असेल.

सिदरा चिखलातून धावली. चप्पल रुतली, तिथेच राहिली.

"ओवेस, खाली उतरा."

"शुभेच्छा द्यायला इतक्या धावत?"

"उतरा म्हणते ना! खालचा जोड कच्चा असेल. नक्की सांगता येत नाही, पण... आत भोकं असतील. मी सादळलेला रॉड वापरला."

तो गोंधळून बघत राहिला. "तुम्ही? त्या पेटीला तर तुम्ही मलाही हात लावू देत नाही. मग त्या दिवशी असं कसं—"

"तुम्ही समोर बसला होतात म्हणून!"

जोरात निघून गेलं तोंडातून. शर्यतीचा झेंडा घेऊन उभा असलेला मिथुन नावाचा पोरगाही वळून बघायला लागला. सिदराला वाटलं, हा चिखल आत्ता आपल्याला पोटात घेईल तर बरं.

ओवेसनं इंजिन बंद केलं.

"परत सांग," तो हळू आवाजात म्हणाला.

"सादळलेला रॉड—"

"ते नाही. नंतरचं."

"हसू नका हो..." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुमची शर्यत गेली माझ्यामुळे."

"शर्यत पुढच्या वर्षीही आहे. इकडे बघ, सिदरा." आता मात्र तो हसत नव्हता. "तू गप्प बसली असतीस तर कुणालाही कळलं नसतं. माझ्यासाठी सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायला धावत आलीस, अनवाणी. माझ्यासाठी असं कोण करतं? शुक्रिया. खूप खूप शुक्रिया..." "मी अम्मीला तुझ्याबद्दल कधीच सांगितलंय. तुला सांगायचं धाडस तेवढं होत नव्हतं."

मिथुननं शिट्टी मारली. "ओ चष्मेवाले! येताय का?"

"नाही, भाऊ! आम्हाला इंजिन उतरवायचंय!"

त्या संध्याकाळी शेडमध्ये जोड कापला. आत घावनासारखी जाळी होती. सिदरानं त्या जाळीवरून बोट फिरवलं. अल्लाहनं वाचवलं. तिनं डोळे मिटून मनोमन त्याचे आभार मानले, वेणूमावशीच्या ओल्या हातांचेही मानले.

"बाकावरचा रॉड?" अब्बा म्हणाले. "तू?"

सिदरानं मान खाली घातली. अब्बांनी तिच्याकडे बघितलं, मग ओवेसकडे बघितलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. त्यांनी हातमोजे उचलले.

"सरक. मी करतो."

"शकीलचाचा," ओवेस पुढे आला. "रागावू नका... पण हा जोड सिदराच करेल."

"अरे, आत्ताच बघितलास ना तिचा जोड?"

"बघितला. आणि चुकलाय हे तिनंच येऊन सांगितलं. मला याच वेल्डरवर भरवसा आहे."

सिदराला हुंदका आवरेना. जोड चुकल्यावरही तिच्याचकडे काम सोपवणारं माणूस तिला मिळालं होतं. यापेक्षा जास्त काय मागायचं असतं?

अब्बांनी हातमोजे लेकीपुढे केले. "घे. पेटीतला रॉड घे, बेटा. आणि तू रे चष्मेवाल्या, तू बाहेर जाऊन बस. पुन्हा घोटाळा नको."

ओवेस गुमान उठला.

"राहू द्या त्यांना इथेच, अब्बा," सिदरा म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्दन्शब्द ठाम. "मला आता सवय करून घ्यायला हवी."

अब्बांनी आपलं वर्तमानपत्र उचललं आणि ते स्वतःच बाहेर जाऊन बसले.