काचेपलीकडचा साहेब

वहिनीची दाढ ठणकत होती आणि दाताच्या डॉक्टरांचं दार कुठलं, हे त्या मजल्यावरच्या एकाही पाटीवरून कळत नव्हतं. म्हणून मी दिसेल ते दार ढकललं. आत अंधुक दिवा, भिंतींना जाड स्पंज, मधोमध एक माईक... आणि समोरच्या मोठ्या काचेपलीकडे हेडफोन लावलेला एक दाढीवाला तरुण माझ्याकडे भूत बघावं तसा बघत होता.

"दाताचे डॉक्टर इथेच बसतात का?" मी विचारलं.

छतातल्या स्पीकरमधून आवाज आला, "जरा पुन्हा म्हणा."

मी मोठ्याने म्हटलं.

"तसं नको. आधी म्हणालात तसं... सावकाश."

बाहेर वहिनी गाल धरून उभी होती आणि मी आत तेच तेच विचारत होते. शेवटी तो म्हणाला, "डॉक्टर समोरच्या दारात. पण तुम्ही आमच्यासाठी पुस्तक वाचाल का? ऐकायच्या पुस्तकांचं रेकॉर्डिंग चालतं इथे. आजच्या वाचणाऱ्या बाई आल्याच नाहीत. तुमचा आवाज चांगला आहे."

माझ्या आवाजाबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी तेव्हा एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं काम करत असे. दिवसभर बोलायचं, आणि घरी आल्यावर बोलायला कुणी नाही. दादा-वहिनी प्रेमळ होते, पण त्यांचा संसार त्यांचा होता. मी त्यात पाहुण्यासारखी वावरायची. एवढं बोलूनही माणूस इतकं एकटं कसं राहतं, याचं मला नवल वाटायचं. मग काय, सुट्टीच्या दिवशी मी स्टुडिओत जायला लागले. स्टुडिओच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी सांगितलं, "हे पुस्तक नीट झालं, तर पुढची मोठी कादंबरी तुझी." ती मिळाली की तक्रारींचा फोन मी कायमचा खाली ठेवणार होते.

पुस्तक एका बड्या साहेबाचं होतं. त्याचा लहानपणचा मित्र आता त्याचाच ड्रायव्हर झालेला. साहेब त्याला सुट्टीच्या दिवशीही बोलावून घेतो, गाडीत बसतो आणि कुठे जायचं ते सांगतच नाही, नुसतं शहरभर फिरवतो. ड्रायव्हरची बायको घरी ताटकळत राहते. मी साहेबाची वाक्यं चांगली खडूस आवाजात वाचत होते.

"थांबा," छत म्हणालं. "त्याला एवढं दुष्ट करू नका. एकटा आहे तो."

"एकटा आहे म्हणून दुसऱ्याची सुट्टी खायची?"

"बोलायचं असतं हो त्याला. पण हुकूम सोडण्यापलीकडे काही येत नाही."

"मग एवढं मोठं होऊन शिकला काय?"

काचेपलीकडे तो हसला. हसला की त्याचे हेडफोन एका बाजूला घसरत. "बरं," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाचा. थोडं कमी रागावून."

हे 'पुन्हा एकदा' हळूहळू वाढत गेलं. वाक्य संपलं की तो बटण दाबायचा... "आणखी एकदा घेऊ या?" काय चुकलं विचारलं तर म्हणायचा, "चुकलं असं नाही... जरा घाईत गेलं." दोन वाक्यांच्या मध्ये साहेबावरून आमचं भांडण चाले, आणि त्या भांडणातच आम्ही कधी 'तू'वर आलो ते कळलंही नाही.

"तुला साहेबाचा एवढा पुळका का?" मी एकदा विचारलं.

"ओळखीचा वाटतो."

"तुझ्याकडे कुठे ड्रायव्हर आहे?"

"नाही ना," तो म्हणाला आणि उगाच स्क्रीनकडे बघत बसला. मला त्याच्याबद्दल फार कुतूहल वाटायला लागलं होतं. हा घरी कुणाशी बोलत असेल, काय खात असेल, हेडफोन काढल्यावर कसा दिसत असेल... असले प्रश्न घेऊन मी घरी जायची.

पण सोबत दुसरंही काही घरी न्यायची. मी आरशासमोर उभी राहून वाक्यं घोकायला लागले. वहिनी म्हणाली, "झोपेतसुद्धा वाचतेस तू." कंपनीच्या फोनवर मी अडखळायला लागले. आपल्याला वाचता येत नाही, नुसती दयेवर ठेवलीय, असं मनाने घेतलं.

मग एका दुपारी ताईंनी केबिनमध्ये बोलावलं. दाढीवाला माईक दुरुस्त करून आणायला गेला होता.

"पुस्तक फार लांबलं," ताई म्हणाल्या. "एकेक वाक्य इतक्यांदा घ्यावं लागतं म्हणजे तुला जड जातंय. पुढची कादंबरी दुसऱ्या कुणाला देते. वाईट वाटून घेऊ नकोस."

झालेलं प्रकरण ऐकू का, एवढंच मी विचारलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या. स्क्रीनवर प्रत्येक वाक्याच्या पट्ट्यांची उतरंड होती. जितक्यांदा वाचलं तितक्या पट्ट्या, आणि पुस्तकात घेतलेली पट्टी हिरवी. हिरवी पट्टी दर वेळी सगळ्यात वरची होती. म्हणजे सगळ्यात आधी वाचलेली. मी दुसरं प्रकरण उघडलं. तिथेही तेच. बाकीच्या वाचनांना कुणी हातही लावला नव्हता.

ताई परत आल्या. त्यांना एक शब्द सांगितला असता तरी पुरे होतं, पण मी बोलले नाही. दाढीवाल्याची दया आली म्हणून नव्हे. हा माणूस आता काय करतो, ते मला बघायचं होतं.

तो मला जिन्याजवळ भेटला, काखेत माईकची पेटी घेऊन. मध्ये काच नव्हती.

"माझं पहिलंच वाचन बरोबर असायचं?"

त्याने पेटी खाली ठेवली. "हो."

"मग बाकीची कशाला?"

"ती... मला ऐकायची होती." त्याचे कान लाल झाले. "तू गेलीस की इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. वाक्य संपलं की पान संपणार, पानं संपली की पुस्तक. म्हणून..."

एरवी मी विरघळले असते. "मला वाटलं, मला वाचताच येत नाही," मी म्हणाले. "घरी रडलेय मी. आणि ताई आता पुढचं पुस्तक देत नाहीयेत."

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुलाही मजा येतेय."

"तुला बटण दाबून मला थांबवता येत होतं. मला तुला थांबवता येत नव्हतं. मग मजा दोघांची कशी होईल?"

'ताईंना सांगू नकोस' असं तो म्हणाला असता, तर मी तशीच जिना उतरून गेले असते आणि परत आले नसते. त्याने विचारलं, "ताई आहेत आत?" आणि पेटी तिथेच टाकून तो गेला. दाराबाहेर मला ताईंचा चढलेला आवाज ऐकू आला, आणि मध्येच त्याचा, "चूक तिची नाही. एकाही वाक्यात नाही."

ताईंनी त्याला टोकाच्या खोलीत धाडलं, नुसत्या जाहिराती रेकॉर्ड करायला. पुढची कादंबरी मला मिळाली. हे पुस्तक मी काचेपलीकडे बसवलेल्या एका पोक्त काकांबरोबर संपवलं. 'हं, पुढे' यापलीकडे ते बोलत नसत. शेवटी ड्रायव्हर गाडीची किल्ली देऊन निघून जातो आणि साहेब बंद गाडीत मागच्या सीटवर बसून राहतो. तेव्हाही तो काही बोलत नाही. मी ते एकदाच वाचलं. माझा आवाज मला परत मिळाला होता, आणि त्या छतातल्या आवाजाची इतकी आठवण येत होती की माझाच मला राग आला.

तो मध्ये कधी फिरकला नाही, फोनही केला नाही. पुस्तक संपलं त्या संध्याकाळी फाटकाशी उभा होता.

"आता तुझं काहीच माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "नाही म्हणालीस तरी तुझं काही बिघडणार नाही. म्हणून आज विचारतो. मला तू आवडतेस. कोपऱ्यापर्यंत चालत येशील?"

"मला अजून तुझा राग आलाय."

"माहीत आहे."

"आणि मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "पण म्हणून राग गेला असं समजू नकोस."

"नाही समजणार."

आम्ही चालायला लागलो. रस्ता ओलांडताना त्याने हात पुढे केला, मग घाबरून मागे घेतला... तो मीच धरला.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "कोपरा मागे पडला."

"दिसलं मला," मी म्हणाले. मी रागावलेलीच होते, आणि हात काही सोडला नाही.